रिमोट तुमच्यासोबत गेला

अहो, तेरवी झाली, माणसं आपापल्या गावी गेली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी मी तुम्हाला हाक मारली. रिमोट कुठं ठेवलाय, एवढंच विचारायचं होतं. हाक मारून झाल्यावर लक्षात आलं आणि मी तशीच उभी राहिले, हातात टीव्ही पुसायचं फडकं घेऊन. घरात कुणी नव्हतं ते बरं झालं. नाहीतर गावभर झालं असतं की बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

झाला असेलही. पण आधी रिमोटचं सांगते.

तो तुमच्या उशीखाली होता. नेहमीच तिथं असायचा. जेवून बाजेवर आडवं व्हायचं, रिमोट उशीखाली सारायचा, म्हणजे डोळा लागला तरी कुणी टीव्ही बंद करू नये. कुणी म्हणजे मीच. त्या दुपारीही तसंच होतं. टीव्हीवर शंकरपट चालू होता, बैल धुराळा उडवत पळत होते, माणसं गळा फाडून ओरडत होती आणि मी भांडी घासता घासता आतून ओरडले, "आवाज कमी करा ना जरासा." तुम्ही केला नाही. तुम्ही कधीच करत नव्हता, म्हणून मला वेगळं काही वाटलं नाही. मी हात पुसत बाहेर आले ते भांडायलाच.

त्यानंतर घरात इतकी माणसं झाली की मला कोपरा सापडेना. तुमचे धाकटे भाऊ नारायणभाऊजी कामाला वाघ, तुम्हाला ठाऊक आहे. "अंगाखालचं घरात ठेवू नये," म्हणाले आणि गोधडी, उशी, चादर सगळं एकात एक गुंडाळून निघालेही. दाराशी तुमच्या चपला दिसल्या, त्याही त्यात खोचल्या. नेऊन टाकलं ओढ्याकाठी. अशा वेळी उशी चाचपून कोण पाहतं? तुमचं चष्म्याचं घर, तंबाखूची डबी आणि तो रिमोट, तिन्ही त्यातच गेली. पुढं मी विचारलं तेव्हा भाऊजी बिचारे धावत ओढ्यावर गेले आणि तसेच परत आले. "वहिनी, गोधडी कोनीतरी नेली," म्हणाले. तुमच्या गोधडीत आता कुणीतरी ऊब घेत असेल आणि रिमोट त्याच्या पोराच्या खेळण्यात पडला असेल.

मला भीती वाटते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं लपवाछपवी नको. तुमच्या भुताची नाही वाटत. दहाव्याला तुम्ही पुढं कोणत्या जन्माला गेलात ते पाहायला बायांनी दिव्यापुढं पीठ पसरून वर टोपली झाकली आणि सकाळी सगळ्यांनी वाकून पाहिलं. कुणाला पाखराचं पाऊल दिसलं, कुणाला वासराचा खूर. मला पीठच दिसलं. भूत होऊन यायचं असेल तर खुशाल या. खोकत या, म्हणजे तुम्हीच आहात हे कळेल. मला भीती वाटते ती जिवंत माणसांची, आणि आवाज नसलेल्या या घराची.

गाव सोडून शेतात घर बांधायचं खूळ तुमचंच. रिठदमध्ये आपलं चांगलं गल्लीतलं घर होतं, भिंतीला भिंत. शेजारणीनं फोडणी दिली की ठसका मला लागायचा. तुम्ही म्हणालात, शेतात राहू, मोकळी हवा, पिकावर डोळा राहील. मी म्हणाले, "मले भेव लागते." तुम्ही म्हणालात, "मी हाय ना." झालं, वाद संपला. तुमचा संपला. माझा अजून चालू आहे. चुलीपाशी विंचू निघाला, मी हाय ना. रानडुकरं हरभऱ्यात शिरली, मी हाय ना. शिवारातल्या विहिरींवरून मोटारीचे केबल कापून नेले, तेव्हाही मी हाय ना. सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठेवलंत आणि ते सोबत घेऊन निघून गेलात.

मी अंगणवाडीत उभा जन्म काढला. बागुलबुवा नसतो, असं किती पोरांना मांडीवर घेऊन शिकवलं. आता सांज व्हायला लागली की मीच दाराआड होते. तूर डोक्याएवढी उभी आहे. वारा आला की शेंगा खुळखुळतात आणि मला वाटतं कुणीतरी चालत येतंय. गेल्या आठवड्यात तर भरदुपारीच कुणीतरी आलं.

मोटारसायकल फाटकाशी थांबली. उतरलेला माणूस ओळखीचा नव्हता. फाटक ढकलून थेट अंगणात आला आणि म्हणाला, "मालक हायेत का?"

"हायेत," मी दारातूनच म्हणाले. "झोपले."

"उठवा ना जरासे. जुनी मोटार, पाइप, भंगार, काही असन त इचारतो."

"त्यायची तब्येत बरी नाई. मंग कवातरी या."

तो गेला नाही. त्यानं पायरीकडं पाहिलं. पायरीवर चपलांचा एकच जोड होता, माझा. मग त्यानं खिडकीकडं पाहिलं, विहिरीकडं पाहिलं. "घर लय सुनं वाटून राह्यलं," म्हणाला, आणि कुणी उत्तर देईल की काय असा थोडा थांबला. मग गाडीला किक मारून गेला. जाताना मान वळवून पुन्हा विहिरीकडं पाहिलं. मी कडी लावली आणि स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसले. गॅसवरचं दूध उतू जाऊन करपलं तरी मला उठवेना.

मालक झोपलेत, हे किती सहज तोंडून गेलं. आणि ते खोटं पाडायला पायरीवरचा माझा एकटा जोड पुरला. घरात पुरुषमाणूस आहे हे सांगणारं काही उरलंच नव्हतं. चपला गेल्या, काठी गेली, अंथरूण गेलं, खोकला गेला. गेलेल्याचा जीव अडकू नये म्हणून आपल्यात त्याच्या खुणा घरातून काढून टाकतात. बरोबर असेल. पण मागं राहिलेल्या बाईनं दारात आलेल्या माणसाला काय दाखवायचं, याचा कुणी विचार केलेला दिसत नाही. उरला होता एक टीव्ही. त्यातली माणसं ओरडली की रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. ज्या आवाजापायी मी तुमच्याशी रोज भांडले, त्याच आवाजासाठी मी त्या दुपारी कासावीस झाले.

पण तुम्ही डिश काढून टाकली होती ना. "आता नेटवर सगळं दिसते," म्हणालात आणि ती काळी कांडी टीव्हीच्या पाठीत खुपसून दिलीत. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला की कांडी नेट धरायची आणि टीव्ही बोलायला लागायचा. ते सगळं तुम्ही करायचा. मला हातही लावू दिला नाहीत. टीव्हीचा जुना रिमोट कपाटात सापडला, तो फक्त आवाज कमी-जास्त करतो. आवाजच नाही तर कमी-जास्त काय करणार? पडद्यावर येतं की नेट सापडत नाही, पुढं जायला ओके दाबा. आणि ओके दाबायचं बटण गेलं ओढ्याकाठी. रिसोडच्या दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला की या कांडीचा रिमोट मागवावा लागेल, येईल तेव्हा येईल.

अमोलला फोन केला. बँकेची कामं आहेत म्हणून तुमचा मोबाइल तो पुण्याला घेऊन गेला होता. म्हटलं, बाबांच्या मोबाइलमधलं हॉटस्पॉटचं नाव तेवढं सांग.

"तो फोन मी पूर्ण साफ करून टाकला, आई. आमच्या चिनूला गेम खेळायला दिलाय. तुला कशाला हवंय ते?"

"टीव्ही लावाचा होता."

"टीव्हीच्या मागं काय लागलीस तू? बॅग भर. मी रविवारी गाडी घेऊन येतोय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांग, तुला भीती वाटते ना तिथं?"

"नाई," मी म्हणाले. माझ्याच कानाला ते खोटं वाटलं.

त्याचं सगळं ठरलं होतं. शेत बटाईनं द्यायचं, घराला कुलूप लावायचं, आई पुण्याला. तोही काही वाईट बोलत नव्हता. आईची काळजी असलेला पोरगा दुसरं काय बोलणार? पण कुलूप हा शब्द मला सोसला नाही. अहो, मला हे घर आवडतं. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन थेट पोळपाटावर येतं. ओट्यावर बसलं की रिठदचा सगळा रस्ता दिसतो आणि आपल्याला मात्र कुणी पाहत नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वाद तुम्ही जिंकला असता.

मग मी मोबाइलवर शोधायला बसले. तुम्हाला वाटायचं मला त्यातलं काही कळत नाही. पोषण आहाराची माहिती इतकी वर्षं मोबाइलवर कोण भरत होतं? तर एका व्हिडिओत एक हिंदी बोलणारा भेटला. 'रिमोट खो गया? टेन्शन नहीं लेने का,' असा सुरू झाला. त्यानं सांगितलं ते असं. ही कांडी जुन्या नेटचं नाव विसरत नाही. वीज मिळाली की तेच नाव शोधत बसते. म्हणून दुसऱ्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करायचा, त्याला अक्षर न् अक्षर तेच नाव द्यायचं, तोच पासवर्ड. मग आणखी एका मोबाइलवर रिमोटचं ॲप घ्यायचं आणि त्यावरून बटणं दाबायची. "उसको लगेगा पुराना मालिक आ गया," तो हसून म्हणाला.

मला हसू आलं नाही. म्हणजे तुम्ही गेल्यापासून मी जेव्हा जेव्हा टीव्हीचं बटण दाबलं, तेव्हा तेव्हा ती कांडी तुम्हाला शोधत होती. सगळ्या सोयऱ्यांना निरोप गेले, बँकेला कळवलं, ग्रामपंचायतीत नोंद झाली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आता मी तुमचं नाव घेऊन तिच्यापुढं उभी राहणार होते. गेलेल्या माणसाच्या नावानं असं काही करावं की नाही, हे विचारायलाही कुणी नव्हतं. मी देवघरात दिवा लावला आणि कामाला लागले.

तुमचं नाव इंग्रजीत घालून पाहिलं. अमोलचं पाहिलं. विकलेल्या ढवळ्या बैलाचं पाहिलं, कारण त्याच्यावर तुमचा जीव होता. माझंही पाहिलं. लाज वाटली, पण पाहिलं. पासवर्डही अंदाजानंच. कांडी ढिम्म. मग देवानंद आठवला. आपल्या बांधाला, धुऱ्याला धुरा लागलेलं त्याचं शेत, ओट्यावर तुमच्याशेजारी बसून तुमच्याच नेटवर मोबाइल पाहणारा माणूस. त्याला नाव ठाऊक असणारच. फोन लावला तर लागेना. सूर्य कलायला लागला होता. म्हटलं, उद्या जाऊ. मग रविवार आठवला आणि निघाले.

तुरीतून जाणारी पायवाट मी एकटीनं कधी चालले नव्हते. तुम्ही पुढं, मी मागं, अशीच सवय. दोन्ही बाजूंनी तूर, पुढचं दिसेना, मागचं दिसेना. मध्येच उजवीकडं खसखस झाली. मी थांबले तर तीही थांबली. मी म्हणाले, "कोन हाय?" आवाज फुटलाच नाही, नुसती हवा निघाली. पुन्हा खसखस, आणि तुरीतून देवानंदची शेळी बाहेर आली, तोंडात शेंगा. मला पाहून तीही दचकली. मी तिच्याच मागं मागं त्यांच्या अंगणात पोचले.

देवानंद फवारणीचा पंप धूत होता. त्याची बायको शोभा चुलीपाशी. मला पाहून दोघं उभेच राहिले.

"वहिनी, एकट्या आल्या? फोन करा लागत होता," तो म्हणाला.

मी काय हवंय ते सांगितलं. शोभानं पाणी दिलं, ते अर्धं माझ्या पातळावर सांडलं. देवानंदनं हात पुसून मोबाइल काढला, वरखाली केलं, आणि मग थांबला. नाव तोंडानं सांगेना. मोबाइलच माझ्या हातात दिला.

इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, पोलीस चौकी.

"हे काय हाय?"

"भाऊनंच ठेवलतं."

"काहून?"

तो पंपाकडं पाहायला लागला. शोभा म्हणाली, "सांगा ना. आता कायले लपवता?" पण तो म्हणाला, "चला वहिनी, आंधार पडाच्या आंधी टीव्ही चालू करू," आणि चपला घालून पुढं निघालाही. मी त्याच्यामागं चालले. पोलीस चौकी. मला वाटलं, गावातल्या पोरांना चिडवायला ठेवलं असेल. तुमचा स्वभावच तसा.

ओसरीत बसून मी माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटचं नाव पुसून ते घातलं. एकेक अक्षर दाबताना दोनदा चुकलं. पासवर्ड विचारला तर देवानंद म्हणाला, "एक ते आठ आकडे, ओळीनं." बाहेर पोलीस चौकी आणि आत कुलूप हे असं. तेवढ्या भीतीतही मला तुमचा राग आला. त्याच्या मोबाइलवर रिमोटचं ॲप घेतलं. मग टीव्ही चालू केला. पडद्यावर गोल फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. नेट धरलंच तर काय होईल, याची मला न धरण्यापेक्षा जास्त भीती वाटत होती.

धरलं. वरच्या कोपऱ्यात गोल टिकलीत तुमच्या नावाचं पहिलं अक्षर आलं. कांडीनं तुम्हाला ओळखलं होतं. मी पदर तोंडाशी धरला. खाली पाहायच्या राहिलेल्या व्हिडिओंची ओळ होती आणि त्यात पहिलाच तो शंकरपट, खाली अर्ध्यापर्यंत लाल रेघ. तुम्ही जिथवर पाहिला होतात तिथवर.

"लावू का?" देवानंदनं विचारलं.

मी मान हलवली. त्यानं दाबलं आणि घरात एकदम माणसं ओरडायला लागली. आवाज तुम्ही ठेवला होता तेवढाच होता. माझा धक्का लागून फळीवरचा पितळी पेला खाली गेला. फाटकाबाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. धुराळा, शिट्ट्या, हाण हाण. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं की या घरात आज बैठक भरली आहे. मी खाली बसले आणि रडले, अगदी तेरवीपर्यंत रडले नव्हते तशी. उरलेला पट मी पूर्ण पाहिला. तुम्हाला सांगते, तुमच्या आवडीची ती पांढरी जोडी जिंकली नाही. शेवटी एक बैल बिचकला.

देवानंद आत थांबला नाही. ओट्यावर त्याच्या नेहमीच्या जागी जाऊन बसला. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाला, "आता बराबर वाटून राह्यलं. भाऊ एवढाच ठेवत. तुमी माहेरी गेल्या का त याहून मोठा."

"मी नसताना? मंग कोनाले चिडवाले?"

तो चहा ढवळत बसला. साखर केव्हाच विरघळली होती. मग माझ्याकडं न पाहता म्हणाला, "वहिनी, भाऊले भेव लागे."

"कोनाले?"

"भाऊले. तुमी माहेरी किन्हीराजाले गेल्या का पयल्याच दिवशी सांजच्याले मले फोन. देवानंद, ये ना बावा चहा प्याले. मी उठलो का म्हणत, बस ना, आनखीन एक पट पाहू. मंग अठीच झोप म्हणत. मी म्हणो, भाऊ, आवाज कमी करा, कान फुटतीन. त म्हणे, रस्त्यावर ऐकू गेलं पायजे का घरात मानसं हायेत."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"आन ते चौकीचं?"

"केबल चोरीले गेले ना, तवाचं. म्हणे, चोट्टा आला आन त्याच्या मोबाइलात हे नाव दिसलं त फाटकातूनच वापस जाइन."

"मले काहून नाई सांगतलं त्याईनं?"

"मी म्हटलं होतं, वहिनीले सांगा. त म्हणे, ती पयलेच भेते. दोघंबी भेलो त घर सोडा लागन."

तो उठून गेला. भंगारवाल्याचं मी जाता जाता विचारलं, तर म्हणाला की तो त्याच्याकडंही आला होता, सगळ्या शिवारात फिरतो. भंगारवालाच असेल. पण तेवढ्यानं भीती जात नाही. मी कडी लावली आणि टीव्हीसमोर बसले.

खरं सांगू? आधी मी जास्तच घाबरले. इतकी वर्षं ज्या माणसाच्या भरवशावर डोळे मिटले, तोच कडीकडं कान लावून पडलेला होता, हे कळल्यावर मागच्या सगळ्या रात्री मला नव्यानं भिववायला लागल्या. मग संताप आला. म्हणजे 'मी हाय ना' हे तुम्ही मला सांगतच नव्हतात, स्वतःला सांगत होतात. मी आवाजापायी तुम्हाला बहिरे म्हणायची, ते तुम्ही ऐकून घ्यायचा. एकदा तोंड उघडून म्हणाला असता, की मला गरज आहे या आवाजाची. मी काय तुम्हाला हसले असते? थोडी हसले असते. पण कमी करा म्हटलं नसतं. आणि हा राग धरूनच मला तुमची इतकी माया आली की काय करावं कळेना. भीती वाटत असून तुम्ही दर वेळी आधी उठत होता. विंचवाला चपलेनं तुम्हीच मारलंत, डुकरांमागं बॅटरी घेऊन तुम्हीच पळालात. घाबरत नसलेल्या माणसानं केलं असतं तर त्यात विशेष काय होतं?

शनिवारी अमोलचा फोन आला तेव्हा देवानंदनं लावून दिलेला पट चालूच होता.

"आई, कोण आलंय घरी? केवढी माणसं?"

"कोनी नाई. टीव्ही हाय."

"चालू झाला? कमी कर ना जरा, तुझं ऐकू येत नाहीये."

मी केला नाही. मोठ्यानं बोलले. "अमोल, मले भेव लागते."

तो मऊ आवाजात म्हणाला, "म्हणूनच तर म्हणतो ना मी. उद्या येतोच आहे."

"ऐक आंधी. रोज लागते. सांज झाली का लागते, कुत्रं भुकलं का लागते. पण पुन्याले तुह्या त्या वरच्या मजल्यावरबी लागन. तठी मले कोन्या आवाजाले भ्याचं हेबी समजत नाई. अठचे आवाज मले ठाऊक हायेत. भ्याचंच हाय त मी आपल्या घरात भीन."

"बाबा असते तर गोष्ट वेगळी होती, आई."

"तुह्या बाबालेबी भेव लागे."

तो म्हणाला, "बाबांना?" आणि तो आवाज लहानपणीचा होता, अंगणवाडीत माझ्या मागं लपायचा तेव्हाचा. मी त्याला चौकीचं सांगितलं. तो हसायला लागला आणि हसता हसता त्याला बोलता येईना. शेवटी म्हणाला की रविवारी येतो, पण चार दिवस राहायला येतो, फाटकाला चांगलं कुलूप आणि ओट्यावर मोठा दिवा लावून देतो. बॅगेचं काही बोलला नाही.

माझी भीती गेली, असं समजू नका. आताही लिहिता लिहिता मी दोनदा उठून कडी पाहून आले. टीव्ही चालू आहे, माझ्या मोबाइलवर तुमची पोलीस चौकी चालू आहे, आणि तुरीत काहीतरी हललं की मी दचकतेच. काल शोभाला मी सरळ सांगितलं, चहाचं निमित्त न करता, की सांजच्याला येऊन बसत जा, मले एकटीले भेव लागते. ती म्हणाली, "मलेबी लागते वहिनी, हे तिकडं वलिताले पानी द्याले गेले का." आणि काम टाकून आली. आम्ही दोघी कान देऊन बसलो होतो. काही झालं की मी तिच्याकडं पाहायची, ती माझ्याकडं. कुणीच काही नाही असं म्हणत नव्हतं.

तेव्हापासून तुमच्या त्या बोलण्याचा मी विचार करते आहे. दोघंबी भेलो त घर सोडा लागन. अहो, चुकलात तुम्ही. सांगायला पाहिजे होतं मला. एका बाजेवर तुम्ही जागे, एका बाजेवर मी जागी, आणि दोघंही झोपेचं सोंग घेऊन. उठून बसलो असतो, दिवा लावला असता, चहा केला असता. घर नसतं सोडलं. मी सोडू दिलं नसतं. दोघं मिळून घाबरलो असतो.